मदत हवी आहे: डब्यात अंडं चालत नाही, शाळेशी कसं बोलू?

नमस्कार. मुलगा दुसरीत आहे, ठाण्यात, सकाळची शाळा. यंदा डब्याचं वेळापत्रक आलंय. छोट्या सुट्टीत फळ किंवा कोरडा खाऊ, मोठ्या सुट्टीत पोळी-भाजी, शुक्रवारी इडली-डोसा-पोहे. मॅगी, वेफर्स बंद. इथपर्यंत तक्रार नाही, उलट माझ्या पथ्यावरच पडलं. पण शेवटची ओळ अशी: 'मांसाहारी पदार्थ व अंडे आणू नये.'

आम्ही मूळचे मालवणकडचे. डब्यात मासे द्यायचा हट्ट नाहीच, सुकटीचा वास वर्गभर फिरेल हे मलाही कळतं. पण पोरगा हडकुळा, दुधाला तोंड लावत नाही, पनीर थुंकून टाकतो. आवडीने खातो ते अंडंच. आणि ते सकाळी साडेसहाला जात नाही, तेव्हा डोळेच उघडलेले नसतात.

गेल्या आठवड्यात टोमॅटो ऑम्लेट दिलं. आपलं बेसनाचं हो! शेजारच्या मुलीने विचारलं, याने नाव सांगितलं, तिने जाऊन मिसना सांगितलं. मिसनी डबा टेबलावर नेला, वास घेतला आणि परत दिला. तोवर सुट्टी संपत आलेली. ओरडल्या वगैरे अजिबात नाहीत. पण तेव्हापासून हा झाकण आडवं धरून जेवतो म्हणे, साधी भेंडीची भाजी असली तरी. मला ते झाकण खुपतंय.

थोडं शोधलं. राज्य सरकारचा २०१७ चा जंक फूडबंदीचा आदेश शाळेच्या कँटीनसाठी आहे. एफएसएसएआयचे (केंद्राची अन्नसुरक्षा संस्था) २०२० चे नियम जास्त चरबी-मीठ-साखरेचे पदार्थ शाळेत आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत विकण्याबद्दल. घरून आणलेल्या अंड्याचा त्यांच्याशी काय संबंध? उलट नोव्हेंबर २०२३ मध्ये सरकारनेच शालेय पोषण आहारात अंडं सुरू केलं होतं. गावी जिल्हा परिषदेच्या शाळेत भाचीला मिळायचं, न खाणाऱ्यांना केळं. दोघी मैत्रिणी शेजारी बसून खायच्या. (जानेवारी २०२५ मध्ये त्याचे पैसे बंद झाले, तो वेगळा विषय.)

तर, कुणी शाळेला असा नियम बदलायला लावलाय का? आधी मिसना भेटू की थेट पालक-शिक्षक संघात मांडू? नवरा म्हणतो, 'कशाला डोळ्यावर येतेस, अजून आठ वर्षं काढायचीत तिथे.' खासगी शाळेला असा नियम करता येतो का, हे कुणी वकील असेल तर कृपया सांगा.

आणि तोवर डब्यात काय देऊ? गार झालं तरी खाववेल असं हवं. उसळ गळते, सोयाबीन करून झालं. मोठी सुट्टी वीस मिनिटांची, त्यात हात धुणंही आलं.

शाकाहार-मांसाहार वाद इथे नको, प्लीज. त्याचे धागे भरपूर आहेत.