बटाटा: पाणी देऊनही दुपारी माना टाकतो, मुळं आखूड

प्रश्न: लागवडीला 40 दिवस झाले. झाडं ठिगळाठिगळाने खुजी दिसतात. हा ताण पाण्याचा की किडीचा?

उत्तर १: आधी झाड उपटू नका, मुळं तुटतात. फावड्याने 30 सेंमी खोल मातीचा गड्डा काढा आणि बादलीतल्या पाण्यात हलकेच धुवा. मुळांना गाठी असतील तर गाठी करणारी सूत्रकृमी (मुळांत शिरणारा, धाग्यासारखा अतिबारीक जंत). टाचणीच्या डोक्याएवढे पांढरे-पिवळे मणी चिकटलेले असतील तर पुटी सूत्रकृमी (पुटी म्हणजे अंडी असलेला असा मणी). मुळं कुरतडलेली असतील तर आसपासच्या मातीत हुमणी (मुळं खाणारी पांढरी अळी) शोधा.

उत्तर २: दोन्ही कारणं एकत्रही असतात. बटाट्याची बहुतेक मुळं वरच्या 30 सेंमीतच असतात, त्यामुळे वरचा थर सुकला की खालची ओल फारशी कामी येत नाही. त्यात सूत्रकृमीने मुळं निकामी केली की ओल असूनही झाड पाणी ओढू शकत नाही. म्हणून पाणी वाढवत बसू नका, साचलं तर मुळं कुजतील. थोडं थोडं, पण लवकर लवकर द्या. कंद धरण्याच्या या काळात खंड अजिबात नको.

उत्तर ३: पुटी निघाली तर तिथलं बियाणं ठेवू नका आणि अवजारं धुऊनच दुसऱ्या शेतात न्या. पुटीतली अंडी अनेक वर्षं जिवंत राहतात. टोमॅटो, वांगी फेरपालटात घेऊ नका, तीही या सूत्रकृमीची यजमान पिकं आहेत, म्हणजे ती त्यांच्यावरही जगते.