नुसत्या शेळ्या देऊन भागत नाही
'अतिशय गरीब कुटुंबाला शिलाई मशीन किंवा शेळ्या द्या, पुढचं ते बघून घेईल' असं काही जण म्हणतात, ते पटत नाही. पहिले काही महिने उत्पन्न जेमतेम असतं. तेवढ्यात घरात आजारपण आलं की मिळालेली वस्तूच विकली जाते. म्हणून बांगलादेशात ब्रॅक या स्वयंसेवी संस्थेने २००२ मध्ये सुरू केलेल्या कार्यक्रमात वस्तूबरोबर काही काळ घरखर्चाला ठरावीक रक्कम, प्रशिक्षण, बचत आणि सुमारे दोन वर्षं कार्यकर्त्यांच्या घरभेटी असं सगळं एकत्र ठेवलं. घानात काही कुटुंबांना फक्त शेळ्या देऊन पाहिल्या, टिकाऊ फरक पडला नाही.

निधी कमी पडला की कात्री बहुधा घरभेटींना लागते, कारण कार्यकर्त्यांचा पगार मोठा दिसतो. तिथे हात आखडू नका. जनावर आजारी आहे, बचत थांबलीय, हे वेळेत तिथेच कळतं.