बायको हरवल्याशिवाय नवऱ्याला हात उचलता येत नाही का?

तिसरी_घंटा:
काल 'लास्ट सीन अलाइव्ह' (२०२२) पाहिला. संसार मोडायच्या बेतात आहे, जेरार्ड बटलर बायकोला माहेरी सोडायला निघालाय. वाटेत पेट्रोल पंपावर ती आत जाते ती गायबच. पोलिसांना आधी नवऱ्याचाच संशय. इथवर उत्तम. पण पुढे? धर, आपट, कबूल करून घे, पुढच्याला धर. हे दोघं वेगळे का होत होते, हा खरा रंजक प्रश्न हाणामारीत सांडून जातो. बायको म्हणजे हरवलेली बॅग. सापडली की झालं, उघडून कोण बघतंय! हरवलेली बायको शोधणाऱ्या नवऱ्याच्या ॲक्शन सिनेमांच्या या अख्ख्या प्रकाराबद्दलच माझी ही तक्रार आहे.

अर्धविराम:
असहमत. एका सुमार सिनेमावरून सगळ्या जातीला झोडपू नका. 'ब्रेकडाऊन' (१९९७) घ्या. वाळवंटी रस्त्यावर गाडी बंद पडते, बायको मदत आणायला एका ट्रकवाल्याबरोबर पुढे जाते. नंतर नवरा, म्हणजे कर्ट रसेल, त्याच ट्रकवाल्याला गाठतो, तर तो पोलिसासमोर शांतपणे म्हणतो, मी या माणसाला कधी पाहिलंच नाही. पोलीस ट्रक तपासतो. काही नाही. जा बाबा, म्हणून सोडून देतो! नवरा साधा माणूस, मारामारीचा गंध नाही. ती आपल्याला दिसत नाही, कारण त्याला दिसत नाही. कॅमेरा तिच्याकडे गेला की भीती मेली.

कोपऱ्यातली_सीट:
तो ट्रक तपासण्याचा प्रसंग! मी सोफ्यावरून उठून उभी राहिले होते.

तिसरी_घंटा:
आणि अर्धविराम, ती सापडते कुठे? फ्रीजरमध्ये. मी बॅग म्हटलं तर तुम्हाला झोंबलं.

अर्धविराम:
शेवट विसरलात. पुलावर लटकलेला ट्रक गिअर काढून त्या खलनायकाच्या डोक्यावर कोण पाडतं? तीच.

तिसरी_घंटा:
शेवटच्या मिनिटाला हातात गिअर दिला म्हणजे पात्र लिहून होत नाही.

कोपऱ्यातली_सीट:
बॅगेवरून दिग्दर्शक पोलान्स्कीचा 'फ्रँटिक' (१९८८) आठवला, तिथे खरोखरच बॅगांची अदलाबदल आहे. पॅरिसच्या हॉटेलात हॅरिसन फोर्ड शॉवरखाली उभा असतो, बायको बाहेरून काहीतरी सांगते, पाण्याच्या आवाजात त्याला ऐकू येत नाही. बाहेर येतो तर ती नाही. मला वाटतं लग्नाबद्दल बोलायला तो एक शॉवर पुरतो. कुठल्या घरात होत नाही हे! पुढे ती पडद्यावर फार नसली, तरी तिचं न ऐकलेलं वाक्य सिनेमाभर टोचत राहतं. म्हणजे बाईला जास्त वेळ द्या असं नाही, जेवढा देताय त्यात ती माणूस दिसली पाहिजे.

पडदा_पडला:
अर्धविराम यांच्या 'भीती मेली'ला माझा आक्षेप. डच 'स्पूरलूस' (१९८८) पाहिलाय का? तिथे नवरा-बायको नाहीत, प्रेमिक आहेत, चालवून घ्या. तीही पेट्रोल पंपावरूनच नाहीशी होते. पण दिग्दर्शक जॉर्ज स्लाइझर कॅमेरा थेट पळवणाऱ्याच्या घरात नेतो. संसारी, मुलीबाळींचा बाप, बाईला गाडीत कसं बसवायचं याची बैजवार तालीम करतोय. कोण ते आपल्याला कळलेलं, शोधणाऱ्याला नाही. भीती दुप्पट होते! आणि तिनं आधी सांगितलेलं सोन्याच्या अंड्याचं स्वप्न... पुढचं लिहीत नाही. कोणी पाहिला नसेल तर शिव्या खाईन.

अर्धविराम:
पण तो ॲक्शन कुठे आहे? मुक्का नाही, पाठलाग नाही. लिंबू घेऊन आंब्याशी तुलना करताय.

पडदा_पडला:
मुक्काही आहे की. स्लाइझरनेच १९९३ मध्ये हॉलिवूडसाठी तो पुन्हा काढला. शेवट बदलला, झटापट घातली, नायक वाचवला. दोन्ही ओळीने पाहा. मूळ सिनेमानंतर मी दिवा लावून झोपलो होतो, दुसऱ्यानंतर नुसता झोपलो.

तिसरी_घंटा:
हेच तर म्हणतेय! मुठी आल्या की प्रश्न पळतात. उलट 'कहानी' (२०१२) बघा. गरोदर विद्या बालन कोलकात्यात नवरा शोधते. विचारते, थांबते, कागद धुंडाळते. बायको शोधायला निघाली की पटकथेला डोकं फुटतं, नवरा निघाला की हातपाय.

अर्धविराम:
'कहानी'चं उदाहरण तुमच्याच अंगाशी येईल, शेवट आठवा. मी सांगत नाही, इथे न पाहिलेलेही असतील. 'स्पूरलूस' बघतो आणि कॅमेऱ्याबद्दलचं वाक्य तूर्त मागे घेतो. बॅगेचं मात्र अजून मान्य नाही. फ्रीजरवर सध्या नो कॉमेंट्स.