पेरूत सालकांताय ट्रेक दोघींनीच, कुस्को शहरात आधी किती थांबावं?

मी आणि मैत्रीण जूनमध्ये जातोय, गाईड न घेता करायचाय, पण ती एवढ्या उंचीवर कधीच गेलेली नाही आणि मला तिचीच जास्त काळजी वाटतेय, काय करू?

> उंचीची सवय व्हायला निदान तीन दिवस तरी थांबा. कुस्कोच 3,400 मीटरवर आहे आणि ट्रेकमधली खिंड 4,600 च्या वर. विमानातून उतरल्यावर सरळ ओयांतायतांबो गावाला गेलात तर अजून बरं, ते खाली आहे, झोप नीट लागते.

> जून मस्त, कोरडा सीझन, पण रात्री पाणी गोठतं. तंबू, स्टोव्ह वाटून घ्या, टॉर्च आणि औषधं मात्र दोघींकडे वेगवेगळी.

> जिची चाल हळू तिच्याच चालीने जा. डोकं दुखायला लागलं तर वर चढायचं नाही, आणि तोल जायला लागला तर रात्र असली तरी लगेच खाली, तेही दोघींनी मिळूनच, एकटीला सोडून नाही!