लहान मुलांच्या संस्थेत काम करायचंय, गुहागरातून सुरुवात कुठून करू?

खाडीपलीकडची

मी गुहागर तालुक्यातली, वय २४. बीकॉम झालं, तीन वर्षं एका पतसंस्थेच्या काउंटरवर बसते. गेल्या पावसाळ्यात वहिनीला सातव्या महिन्यातच मुलगी झाली. घरी आणली तेव्हा इतकी लहान की उचलायची भीती वाटायची. आशाताई यायच्या, त्यांच्याबरोबर एका संस्थेची मुलगी यायची. बाळ आईच्या उघड्या छातीशी कापडाने बांधून ठेवायचं, असं तिने वहिनीला शिकवलं. माझ्या आईला ते पटेना. दुपट्यात गुंडाळून पाळण्यातच ठेवा, असं तिचं चाललेलं. ती मुलगी वाद घालत बसली नाही. बाळाचे पाय आईच्या हातात दिले, म्हणाली, "काकू, गार लागतात ना?" मग छातीशी बांधल्यावर थोड्या वेळाने पुन्हा हात लावायला सांगितला. दुसऱ्या दिवसापासून आईच वहिनीच्या मागे लागली.

भाची आता ओटीवर रांगते. मला हे काम करायचंय. घरचे म्हणतात, समाजसेवा लग्नानंतर फावल्या वेळात कर. एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी, लागतेच का? मुंबई-पुण्याला जावंच लागेल का? पगारात भागतं का? कुणी या कामात असेल तर खरं काय ते सांगा.

हर्णैची समन्वयक

तेरा वर्षं झाली मला. दोन वर्षं बालवाडीताई, मग गावोगाव गृहभेटी, आता दापोली-मंडणगड पट्ट्यातल्या सहा कार्यकर्त्यांची समन्वयक. त्या मुलीने तुझ्या आईच्या हातात बाळाचे पाय दिले आणि ते तुझ्या लक्षात राहिलं, म्हणून सविस्तर लिहिते.

मुलाखतीला येणारी प्रत्येक मुलगी सांगते, मला मुलं आवडतात. पण आपलं निम्म्याहून जास्त बोलणं मोठ्यांशी असतं. आजी, सासू, बंदरावरून दमून आलेली आई, घरात न बोलणारा बाप. मी पहिल्या वर्षी हे समजून घेतलं नव्हतं. चिऱ्याच्या खाणीवर विजापूरकडून आलेली कुटुंबं होती. तिथे एका दीड वर्षाच्या मुलीच्या दंडाला पट्टी लावली. साडेअकरा सेंटीमीटरच्या आत घेर आला की पट्टी लाल दाखवते, म्हणजे अतितीव्र कुपोषण. तिची लालच होती. मी आईला तिथेच, चार बायांसमोर, बिस्किटांवरून सुनावलं. पुढचा महिनाभर त्या झोपडीचं दार मला उघडलं नाही. ती बाई सकाळी सहाला खाणीवर जायची, मुलीला आठ वर्षांच्या बहिणीकडे सोपवून. बहिणीला चूल पेटवता येत नव्हती म्हणून बिस्किटं. हे मला तिच्या शेजारणीने सांगितलं. मग आम्ही मोठ्या मुलीलाच भाजून ठेवलेलं नाचणीचं सत्त्व गार दुधात कालवायला शिकवलं, आणि मी कानडी शिकायला घेतलं. "ऊट आयता?" म्हणजे जेवण झालं का, एवढं विचारता यायला लागलं तेव्हा त्या बाईने मला बसायला गोणपाट टाकलं. मुलीला आधी दवाखान्यात नेलं, नुसत्या सत्त्वावर ठेवलं नाही, हेही सांगते, कारण लाल पट्टीला घरगुती उपाय पुरत नाही.

तुला हे कोकणातच करता येईल. इथली माहिती असलेली माणसंच कमी पडतात. हर्णैला बाहेरून आलेल्या एका ताईंनी पालकसभा बंदरावरच्या मासळी लिलावाच्या वेळेला ठेवली होती, तीन बाया आल्या. तुला हे कुणी सांगायला लागणार नाही. बापांशी बोलायचं तर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, बोटी वर ओढलेल्या, पुरुष घरी. आम्ही बापांच्या बैठका त्याच दोन महिन्यांत घेतो. आंब्याच्या बागेत राखणीला आलेल्या नेपाळी कुटुंबांची मुलं हंगामापुरतीच असतात, त्यांच्याकडे जायचं तर हंगाम सुरू होतानाच जायला लागतं. ही वेळापत्रकं मुंबईच्या कार्यालयात बसून कळत नाहीत.

आणि हे काम आपल्याच किनाऱ्यावर वाढलेलं आहे. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये डहाणू तालुक्यातल्या बोर्डीला काम सुरू केलं, अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या. आदिवासी पाड्यांवरची मुलं बालवाडीत येईनात, तर बालवाडी त्यांच्या अंगणात नेली. अंगणवाडी शब्द तिथला. सरकारची एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली, म्हणजे तीस वर्षांनी. नवीन कार्यकर्तीला मी हे पहिल्याच दिवशी सांगते.

शिक्षणाचं म्हणशील तर समुपदेशक किंवा प्रकल्प व्यवस्थापक व्हायचं असेल तर एमएसडब्ल्यू विचारतात, टाटा सामाजिक विज्ञान संस्था किंवा निर्मला निकेतनची मुलं दिसतात. गृहभेटी आणि बालवाडीसाठी नाही लागत. इग्नू या मुक्त विद्यापीठाची बालसंगोपन आणि शिक्षणाची पदविका बारावीनंतर घरी राहून करता येते, ती कर. पण आधी महिनाभर कुणाबरोबर तरी फिर. पावसात, चढण चढून, एसटी चुकल्यावर. त्यानंतरही वाटलं तर पतसंस्थेत राजीनामा दे.

जमाखर्च

मी रत्नागिरीत एका न्यासाचे हिशेब बघतो. तुमचं बीकॉम वाया जाणार नाही, उलट ग्रामीण संस्था हिशेबावरच अडतात. प्रत्येक देणगीदाराचं खातं वेगळं, पैसा कशावर खर्च झाला त्याचं विनियोग प्रमाणपत्र वेगळं. कंपन्यांचा सामाजिक दायित्व निधी २०१३ च्या कायद्यामुळे येतो (ठरावीक आकाराच्या कंपन्यांना तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के खर्चावे लागतात), पण बहुतेक वेळा तो एकेका वर्षासाठीच मंजूर होतो. परदेशी निधीच्या कायद्यात २०२० ला बदल झाला. मोठ्या संस्थेने घेतलेला परदेशी पैसा आता छोट्या संस्थेला पुढे देता येत नाही, आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० वर आली. गावातल्या लहान संस्थांना हा फटका मोठा आहे.

म्हणून मुलाखतीत न लाजता विचारा : माझा पगार कुठल्या प्रकल्पातून, तो प्रकल्प किती महिने उरलाय, नेमणूकपत्र मिळेल का, भविष्य निर्वाह निधी कापता का, पेट्रोलचे पैसे महिन्याला देता की प्रकल्प संपल्यावर. स्वयंसेवी संस्थांची नोंद होते त्या नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवर संस्थेचं नाव आहे का तेही बघा. मी स्वतः एका ठिकाणी चार महिने पगाराविना काढले. काम चांगलंच होतं, माणसंही चांगली होती, पण घरात तांदूळ लागतो. मुलांसाठी काम करणाऱ्यांनी आपल्या पगाराबद्दल बोलणं हलकं समजू नये, असं मला मनापासून वाटतं.

अंगणवाडीतली

बाय, मी सेविका आहे, १९ वर्षं. संस्थावाले आमच्याकडेच येतात, म्हणून लिहिते. सकाळी मुलं, आहार, वजनं, मग मोबाईलवर पोषण ट्रॅकर हे सरकारी ॲप भरायचं, तेही रेंज असली तर. त्यात संस्थेची मुलगी येऊन तिची वेगळी वही भरून मागते. दोन-तीन वर्षांनी प्रकल्प संपतो, ती जाते, आणि बाया मला विचारतात, त्या ताई कुठे गेल्या. एक मात्र अशी आली होती की पहिले आठ दिवस काही विचारलंच नाही. मुलांची नाकं पुसली, गाणी म्हटली, मदतनीस आजारी होती तर खिचडी ढवळली. तिने सांगितलेलं मी आजही करते.

तुला सेविकाच व्हायचं असेल तर भरतीकडे लक्ष ठेव, बारावी पास आणि त्याच गावची रहिवासी लागते. मात्र ते मानधन आहे, पगार नव्हे. त्यासाठी आम्ही कितीदा रस्त्यावर बसलो.

खाडीपलीकडची

तिघांचंही वाचून आईला मोठ्याने वाचून दाखवलं. नेमणूकपत्राचं ऐकून बाबाही जवळ येऊन बसले. त्यांना वाटत होतं की हे सगळं फुकटच असतं. वहिनीकडे यायची त्या मुलीला फोन केला. पतसंस्थेला दुसऱ्या-चौथ्या शनिवारी सुट्टी असते, त्या दिवशी तिच्याबरोबर वाडीवर जाणार आहे. ताई, पहिल्या दिवशी काय करू? वही नेऊ का?

हर्णैची समन्वयक

पहिल्या दिवशी वही पिशवीतच ठेव. कुठल्या घरात कोण आजारी आहे, कोण बाळंतीण आहे, ते त्या मुलीला वाटेतच विचारून घे. दारात चप्पल काढ, चहा दिला तर नाही म्हणू नको. बाळ मागून घेऊ नको, आईने आपणहून दिलं तरच घे आणि आधी हात धू. परत आल्यावर रात्री जे आठवेल ते लिहून काढ आणि मला पाठव, मी वाचेन.