मेंदूज्वरानंतर बाळाची बेरा (आवाजाला श्रवणाची नस आणि ब्रेनस्टेम, म्हणजे मेंदूचा देठ, काय प्रतिसाद देतात ते मोजणारी तपासणी): कधी, कशी?

प्रश्न: ५ महिन्यांचं बाळ, न्यूमोकोकल मेंदूज्वर, अँटिबायोटिक संपत आलंय. ओएई (आतल्या कानाची श्रवणचाचणी) दोन्ही कानांत पास. तरी बेरा हवी का?

उत्तर १: हवीच. मेंदूज्वराने ऐकणं जाऊ शकतं. ओएई आतल्या कानातल्या बाह्य केशपेशींपाशी थांबते, श्रवणाची नस त्यात दिसतच नाही. डिस्चार्जपूर्वी करा, फार तर बाळ तपासणीजोगं झाल्यापासून ४ आठवड्यांत. दूध पाजून झोपवा, त्वचा नीट घासून पुसा, त्वचेवरच्या इलेक्ट्रोडचा विद्युतरोध ५ किलोओहमच्या आत आणा. बाळ चुळबुळलं की ग्राफ वाया.

उत्तर २: आधी १००० हर्ट्‌झची टिंपॅनोमेट्री (कानाचा पडदा आणि मध्यकर्णाची तपासणी). मध्यकर्णात पाणी असेल तर बेराच्या ग्राफवरच्या सगळ्या लहरी उशिरा येतात, पण पहिली ते पाचवी लहर हे अंतर वाढत नाही. ते वाढलं तर दोष पुढे, नस किंवा ब्रेनस्टेममध्ये. मात्र तुलना वयाच्या तक्त्याशीच. मोठ्यांचे या अंतराचे ४ मिलिसेकंद इथे लावले की निरोगी बाळही आजारी ठरतं. लहरीच नसतील तर क्लिकची (कानात सोडलेल्या टक् आवाजाची) पोलॅरिटी, म्हणजे दाबाची दिशा, बदला. ग्राफ उलटा झाला तर तो कॉक्लिअर मायक्रोफोनिक, म्हणजे केशपेशींचा विद्युत प्रतिसाद, नसेचा नव्हे. ऑडिटरी न्यूरोपथीचा (कान आवाज टिपतो, पण नस तो नीट पोचवत नाही) संशय घ्या.

उत्तर ३: तीव्र बहिरेपणा निघाला तर एमआरआय आणि कॉक्लिअर इम्प्लांट (शस्त्रक्रियेने बसवायचं श्रवण-उपकरण) केंद्राकडे रेफरल त्याच आठवड्यात. कॉक्लियात (आतल्या कानाच्या शंखात) हाड भरू लागलं की इम्प्लांटचा इलेक्ट्रोड आत सरकत नाही. श्रवणयंत्र लावा, पण त्याच्या ट्रायलपायी महिने घालवू नका.