मेथिलफेनिडेट चालू असताना व्हिडिओवरचा फॉलोअप पुरतो का?

उदगीरकर
मुलगा ८ वर्षांचा, एडीएचडी (लक्ष न टिकणं, अतिचंचलता). निदान पुण्यात प्रत्यक्ष तपासून झालंय. मेथिलफेनिडेट १० मिग्रॅ, सकाळ-दुपार. दर महिन्याला पुणे गाठणं अवघड आहे, डॉक्टर व्हिडिओवर बघायला तयार आहेत. गोळीची चिठ्ठी व्हॉट्सॲपवर चालेल का? आणि व्हिडिओत नेमकं काय सुटतं?

औषधवाला
नाही चालणार. हे औषध शेड्यूल एक्समध्ये (औषध नियमांतली कडक नियंत्रणाची यादी) आहे, एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्याच्या यादीतही. २५ मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांत अशी औषधं दूरून लिहून द्यायला मनाई आहे, पेशंट जुना असला तरी. चिठ्ठी दोन प्रतींत लागते, त्यातली एक दुकानदार दोन वर्षं जपून ठेवतो. मोबाइलवरचा फोटो बघून त्याने परत पाठवलं तर त्याच्यावर चिडू नका. ठेवायला परवानाही वेगळा लागतो, म्हणून लहान गावात सहसा मिळत नाही. लातूरला आधी फोन करून विचारा. पुण्याच्या डॉक्टरांकडून लातूरच्या मनोविकारतज्ज्ञांच्या नावे पत्र घ्या. ते प्रत्यक्ष तपासून चिठ्ठी देतील, डोस ठरवण्याची चर्चा पुण्याशी व्हिडिओवर.

बालविकास_ओपीडी
वरचं बरोबर. सुटतं ते दोन ठिकाणी.

एक, वर्तन. ही मुलं स्क्रीनसमोर शहाण्यासारखी बसतात, त्यावरून डोस पुरेसा आहे असं समजू नये. कॉलची वेळही बघा. साधी गोळी सुमारे चार तास टिकते. संध्याकाळी सातला कॉल लावला तर डॉक्टरांना औषध उतरलेला, चिडचिडा मुलगा दिसतो आणि डोस उगाच वाढतो. सकाळच्या गोळीनंतर दीड-दोन तासांनी वेळ मागा. शिक्षकांकडून व्हँडरबिल्ट फॉर्म (एडीएचडीच्या लक्षणांची प्रश्नावली, ४३ प्रश्न) भरून घेऊन आदल्या दिवशी पाठवा. वर्गात काय चाललंय ते कॅमेऱ्याला दिसत नाही.

दोन, मोजमाप. वजन दर तीन महिन्यांनी, उंची सहा महिन्यांनी. बीपी आणि नाडी सहा महिन्यांनी, शिवाय डोस बदलण्याआधी व बदलल्यावर. वजनकाटा दरवेळी तोच, कपडे हलके. नाडी पूर्ण साठ सेकंद मोजा.

उदगीरकर
आजोबांचं बीपी मशीन घरी आहे. चालेल?

बालविकास_ओपीडी
मशीन चालेल, पट्टा नाही. खांदा आणि कोपर यांच्या मधोमध शिंप्याच्या टेपने दंडाचा घेर मोजा. पट्ट्यावर छापलेल्या मापात तो बसला पाहिजे. मोठ्यांचा पट्टा बहुधा २२ ते ३२ सेंमीचा. १८ सेंमीच्या दंडावर तो लावला की बीपी खऱ्यापेक्षा कमी येतं. म्हणजे वाढलेलं बीपी नेमकं नजरेतून निसटतं. त्याच कंपनीचा मुलांचा पट्टा वेगळा मिळतो का बघा. पाच मिनिटं शांत बसवून, दोनदा मोजा, आणि गोळी किती वाजता दिली होती तेही आकड्यांशेजारी लिहा.

वाचा_थेरपिस्ट
ऑनलाइन थेरपी घेणार असाल तर फोन मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर स्टुलावर टेकवा आणि थेरपिस्टचा आवाज फक्त तुमच्या कानात, इयरफोनमधून. आवाज खोलीत घुमला की मूल खेळ सोडून फोनकडे धावतं. खेळायचं तुम्ही, सांगायचं तिने. आणि कॉलवर मोठं माणूस सोबत हवंच, मूल अल्पवयीन असल्याने नियमही तोच आहे.